रुमालपाणी

रुमालपाणी हा आमचा खेळ, आणि त्याच नावाचा सिनेमाही आला होता. त्यातलं गाणं रेडिओवर इतकं वाजायचं, की लालबागच्या आमच्या चाळीत पोरी तेच म्हणत गोल करून बसायच्या. एकीने मागून पळत कुणाच्या तरी पाठीशी गुपचूप रुमाल टाकायचा. जिला पत्ता लागला नाही तिच्या पाठीत रट्टे. मला कधीच पत्ता लागायचा नाही. मी आपली गाण्यात गुंग.

संपाला वर्ष होत आलं होतं. बाबा कापडाच्या मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवायचे. आता सकाळी दाढी करून दिवसभर गॅलरीत बसायचे. आई लोकांच्या घरी पोळ्या लाटायला जाऊ लागली होती. त्या आठवड्यात मिलच्या गेटवर कामगारांना परत घेत होते. जो आत जाई त्याला चाळ 'फुटला' म्हणायची आणि त्याच्याशी बोलणं सोडायची.

अशात एका दुपारी बाबा सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "चल बाय, तुझ्या त्या खेळाचा सिनेमा दाखवतो." शेजारच्या काकूंनी लगेच टोमणा मारला, "घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा!" बाबा नुसते हसले.

दादरच्या थेटरात त्यांनी मला बसवलं, शेजारच्या खुर्चीवर आपला निळ्या चौकड्यांचा रुमाल टाकला. "हलू नको गो. मी आलोच."

दिवे गेले तरी बाबा आले नाहीत. एका बाईने विचारलं, "कोणी आहे इथे?" मी म्हटलं, "बाबांचा रुमाल आहे ना!"

सिनेमात रुमालपाणी एका गाण्यापुरतंच. बाकी सगळा वेळ एक बाई शहरात गेलेल्या नवऱ्याची वाट बघत होती. थेटरभर बायका नाक पुसत होत्या. मी बाबा हरवले म्हणून रडत होते, तेही फ्रॉकला तोंड पुसत. रुमाल उचलला तर जागा जाईल ना.

सिनेमा सुटला तेव्हा बाबा दाराशी उभे होते. त्यांनी माझ्या हातातला रुमाल खिशात घातला. "घरी विचारलं तर बाबा शेजारीच होते म्हणायचं. आणि आता मला सगळी गोष्ट सांग." लालबागपर्यंत चालत मी ती सांगितली, आणि संध्याकाळी गॅलरीत बाबांनी ती माझ्याहून रंगवून सांगितली. ते कुठे गेले होते हे मी विचारलं नाही. इतकंच कळलं, की बाबा फुटले नाहीत. पुढे मिल अर्धीमुर्धी सुरू झाली, पण बाबांना काही पुन्हा घेतलं नाही. आईच्या पोळ्या मात्र सुटल्या नाहीत. तिची बोटं वाकडी होत गेलेली मी पाहिली आहेत.

बाबांनी सत्तरी ओलांडल्यावर एका रविवारी टीव्हीवर तो सिनेमा लागला. बाबा पुढे सरकून बघत होते. एकदम म्हणाले, "ही तर एवढीशी पोर आहे गो! तू बाई म्हणाली होतीस."

मी घाईने टीव्हीचा आवाज वाढवला. आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सांभाळून घेऊ नको त्यांना. त्या दिवशी घरी आले तेव्हाच मला कळलं होतं, रुमाल कोरडा होता. तो सिनेमा बघून कोरडा रुमाल घेऊन कोण आलं होतं?"

बाबांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "गेटवर रांगेत उभा होतो. माझा नंबर आला, आणि आत पाऊल टाकवेना. चाळीत तोंड कसं दाखवणार होतो?"

"तुम्ही मला विचारायचं होतंत एकदा," आई म्हणाली. "मी 'जा' म्हटलं असतं."

बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि सगळा चेहराच त्यात घातला.