पाहुण्यांपुढं बरणीभर धूळ

माझे वडील मानवतच्या एका दालमिलमध्ये फिटर होते. मिलच्या छपरावर पत्र्याचं एक भलंमोठं नरसाळं होतं. धुळीची हवा त्यात बाजूनं शिरायची, गरगर फिरायची, धूळ खाली पडायची आणि स्वच्छ हवा वरून निघून जायची. वडील त्याच्याकडं ज्या मायेनं बघायचे, तसं आईकडं बघितल्याचं मला आठवत नाही.

मालकानं हैदराबादहून केर ओढायचं मशीन आणलं होतं. पिशवी सारखी तुंबते म्हणून ते अडगळीत पडलं, तेव्हा वडिलांनी मागून घरी आणलं. पिशवी फेकली आणि तिथं पुठ्ठ्याचं नरसाळं बसवलं. पहिल्याच दिवशी सगळी धूळ आईच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन बसली. मग तुपाच्या डब्याचा पत्रा कापून दुसरं केलं आणि त्याच्या बुडाला आईची लोणच्याची काचेची बरणी लावली. धूळ डोळ्यांना दिसलीच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मशीन सुरू झालं की शेजारची म्हैस दावं तोडायला बघायची.

अशात ताडकळसचे पाहुणे मला बघायला यायचं ठरलं. नामांतराच्या बंदात एसटी अडकून एकदा हुकलेलं स्थळ. मुलगा मास्तर होता. मावशीच्या गावी मी त्याला लांबून बघितलं होतं आणि मला तो मनापासून हवा होता. आईनं घर घासूनपुसून लख्ख केलं आणि वडिलांना बजावलं, "ते मशीन भायेर काढलं तर मी माहेरी निघून जाईन बगा."

पोहे झाले. मुलाच्या आईनं सहज विचारलं, "कोपऱ्यात झाकून काय ठिवलंय?"

वडील उठलेच. आईनं डोळे मिटून लाईट जावी म्हणून देवाला विनवलं. एरवी ऊठसूट जाणारी लाईट त्या दिवशी टिच्चून राहिली. पाहुण्यांना उठवून वडिलांनी सतरंजीवर नळी फिरवली. बरणी बघता बघता भरली. ती काढून त्यांनी मुलाच्या आईच्या नाकासमोर धरली.

"बगा बाई, रोज झाडायलाव तरी एवढी निघाली."

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. वडिलांचा भयंकर राग आला. पाहुणे लगेच चपला घालून निघाले.

आठवड्यानं निरोप आला, मुलगी पसंत. अट एकच, रुखवतात ते मशीन द्यायचं नाही. वडील बरेच दिवस हिरमुसलेले होते.

सासरी मी पहिल्यांदा बैठकीतली सतरंजी उचलली आणि अटीचं कारण कळलं. गुपचूप परत अंथरली.

दिवाळीला वडील मला न्यायला आले. काखेत धोतरात गुंडाळलेलं जडसं काहीतरी. सासूबाई दारातच आडव्या आल्या. "इवाई, दमले असताल. हितं वट्ट्यावरच बसा, वारं लय चांगलं हाय."

वडिलांनी गाठोडं सोडलं. आत तीच बरणी होती, आईनं आंब्याचं लोणचं घालून दिलेली. "बरणी मोकळी केली, मशीन मोडलं म्या," ते मला हळूच म्हणाले. माझ्या संसाराला नडू नये म्हणून त्यांनी ते स्वतःच मोडलं, हे कळून मला भडभडून आलं.

सासूबाईंनी मात्र ते लोणचं शेवटपर्यंत तोंडाला लावलं नाही.