इचारमास्तर

नव्या माणसाने कुठल्याही कागदावर सही केली की म्हात्रेकाका तो कागद हातात धरून दोनच प्रश्न करायचे. आधी, "इचार केलास?" आणि मग, "इचारलास?" आपल्या भाषेची गंमत अशी, की मनाशी करायचा तोही विचार आणि 'जा, त्याला विचार' म्हणतो तोही विचारच. शब्द एकच, म्हणून पुष्कळांचं पहिल्यावरच भागतं. काकांचं भागत नसे. महाप्याच्या आमच्या रसायनांच्या कारखान्यात सगळे त्यांना 'इचारमास्तर' म्हणत. तोंडावर थट्टेने, पाठीमागे जरा वैतागून.

ऐंशीच्या सुमारास मी तिथे केमिस्ट म्हणून लागले. काका खाडीकाठच्या गावचे आगरी. त्यांचं शेत औद्योगिक वसाहतीत गेलं होतं आणि ते आमच्याकडे सांडपाण्याच्या टाक्या सांभाळत होते. शाळा चौथीपर्यंत, पण कारखान्यात खरं शिकवणारा माणूस तेवढा एकच होता.

माझ्या दुसऱ्याच आठवड्यात टाकी काठोकाठ भरली. साहेबांचा फोन आला, "सोडून द्या पाणी." पाण्याचा नमुना थोडक्यासाठी नापास होता. ओहोटी आहे, जाईल वाहून, अशी मनाची समजूत घालून मी 'सोडावे' म्हणून चिठ्ठी लिहिली. काकांनी ती वाचली, पण व्हॉल्व्हला हात लावला नाही.

"इचार केलास, बाय?"

"केला ना, काका. खूप केला."

"मंग इचारलास कोनाला?"

"साहेबांना."

"सायबांना काय इचारतेस! ज्याला भोगाचा हाय त्याला इचाराचा."

त्यांनी मला मागच्या बांधावर नेलं. खाली खाडीच्या गुडघाभर चिखलात दोन बायका निवट्या मासे पकडत होत्या. "इचार त्यांना," काका म्हणाले. मी, पदवीधर बाई, त्या बायकांना काय विचारणार? कसंबसं म्हटलं, हे पाणी थोडं खराब आहे, सोडू का? एकजण कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली. म्हणाली, "सोरा. पन संध्याकालला आमच्याकरं जेवाला या." मी चिठ्ठी तिथेच फाडली. साहेबांची बोलणी खाल्ली ती वेगळी.

पाच-सहा वर्षांनी काका सुट्टीवर असताना कोणीतरी ती टाकी परस्पर रिकामी केली. खाडीत मासे उलटे तरंगले. काकांनी गावातल्या घराघरात जाऊन 'तक्रार देऊ का?' म्हणून विचारलं आणि सरकारी कचेरीत स्वतःच्या सहीने तक्रार दिली. कारखाना दीड महिना बंद पडला. रोजंदारीवरच्या माणसांचे हाल झाले. कोणी कोकणातून आलेलं, कोणी मराठवाड्यातून. परतायला इथे गाव कुणाचं होतं? फाटकाशी जमलेल्या गर्दीतून दशरथ फिटर ओरडला, "ओ मास्तर, आमाला कुटं विचारलंत? भोगलं तर आमीच ना!"

काका पुढे आले. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "चुकला माजा. तुमाला इचाराला पायजे होता. तक्रार मी तरीबी दिलीच असती. पन इचारून दिली असती."

 कारखाना सुरू झाला, पण काकांच्या शेजारी डबा उघडणारं कोणी उरलं नाही. पूर्वी त्यांच्या सुकटीवर सगळे तुटून पडायचे. आता ते मागच्या बांधाशी एका पालथ्या पिंपावर बसून एकटे जेवत. बरोबर माझ्या लॅबच्या खिडकीसमोर.

मी रोज बघायचे. रोज वाटायचं, आज डबा घेऊन जावं. मग वाटायचं, लोक काय म्हणतील. साहेब मनात धरतील, बढती अडेल. आणि काकांना तरी आवडेल का? काकांनी शिकवल्याप्रमाणे मी सगळ्या बाजूंनी विचार करत होते. असा दोन वर्षं केला. ते निवृत्त झाले त्या दिवशी हारसुद्धा नव्हता. लॅबच्या दारातून "येतो बाय" म्हणाले आणि गेले.

वर्षभराने ते वारल्याचं कळलं, तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी मला पाहताच ओळखलं, याचं मला नवल वाटलं.

"खिरकीतली बाय ना तू?" त्या म्हणाल्या. "रोज सांगाचे तुजा. म्हनाचे, ती बाय उबी असते, इचार करते हाय. येल एक दिस." मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "तुज्यासाटी सुकट जास्ती न्याचे ते."

मला तोंड वर करवेना. विचारायचं काही अवघड नव्हतं. "काका, जेवलात का?" एवढंच तर विचारायचं होतं.