उताऱ्याचा भात

वर्दी उतरवून आता बरेच दिवस झाले. खून, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे विसरूनही गेलो. पण पनवेलच्या मागच्या डोंगरातल्या त्या पाड्यावरची म्हातारी काही डोळ्यांपुढून हलत नाही.

जवळच्या कोन गावात दिलेली तिची लेक ठाण्यात आली होती. आई फोन उचलत नाही, भावाला विचारलं तर म्हणतो, आई माहेरी गेली. "म्हातारीला कसला माहेर, साहेब? तिथं तिचा कोनी उरला नाय," असं म्हणून ती रडायलाच लागली. मी मिसिंग दाखल करून घेतली, एक महिला शिपाई बरोबर घेतली आणि निघालो.

शेवटचा चढ पायी चढावा लागला. भर दुपार, पण पाडा चिडीचूप. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. दारादारावर काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा आणि लिंबू. कुणालाही विचारा, उत्तर एकच: माहेरी गेली. खरं बोलणारी माणसं थोडंफार वेगवेगळं बोलतात. शब्दाला शब्द जुळला की समजावं, पढवून ठेवलंय. म्हातारीचा मुलगा अंगणात मान खाली घालून बसला होता. त्याच्या बायकोचं दोनदा मूल पोटातच गेलं होतं आणि आता तिला पुन्हा दिवस गेले होते, एवढं शेजारणीकडून कळलं. पाड्याचा भगत मात्र मोठा हसतमुख. साहेब, चहा घ्या म्हणाला.

तेवढ्यात ती सून सुपात पान घेऊन घरातून बाहेर पडली. गरोदर बाईला बाधा होऊ नये म्हणून रोज देवराईकडे उतारा ठेवायचा, असं भगतानं सांगितलं. सगळ्यांनी तोंडं फिरवली. उताऱ्याकडे बघितलं तर तो बघणाऱ्याला लागतो, अशी समजूत. आमच्या शिपाईबाईंनीही मान वळवली. मी बघितलं. पोलिसाला दुसरं काम काय असतं?

पानावर भात होता, अगदी गिचका, घोटलेला. बाजूला सुकटीची चटणी आणि कडेला चिमूटभर मीठ. मीही कोकणातलाच. उताऱ्याला मीठ वाढत नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि भुताला काय दात नसतात, म्हणून त्याच्यासाठी भात घोटायचा?

शिपाईबाईंसह तिला पडवीच्या मागे नेलं. दरडावलं नाही. एवढंच विचारलं, "पोरी, मीठ कुणाला लागतं गं?"

तिनं सूप खाली ठेवलं. "आयेला," ती म्हणाली. "तिला अळणी घास उतरत नाय."

मग सगळं बाहेर आलं. सासूच चेटकीण, तीच पोटातली पोरं खाते, असा भगतानं कौल दिला होता. बाळंतपण होईपर्यंत तिला देवराईतल्या खोपटात ठेवायचं, अन्न द्यायचं नाही, उपासानं अंगातलं निघून जाईल. नवरा कबूल झाला होता. उताऱ्याकडे कुणी बघत नाही, म्हणून ही पोर त्याच नावाखाली सासूला जेवण पोचवत होती. शाबास गं बाई, असं मी मनातच म्हणालो.

सुनेला पुढे घालून आम्ही देवराईत गेलो. खोपटाला दार नव्हतं की म्हातारीला बांधलेलं नव्हतं. भोवती फक्त राखेची रेघ ओढलेली. आत म्हातारी, हाडांचा सापळा. मी म्हटलं, आजी, चला बाहेर. ती उठेना.

"बाबा, मी भाएर आले आनि पोटातला गेला तर? मना कलत नाय. पन सगली सांगतान, म्हंजी असन मी तशी."

अट्टल चोरांकडून कबुली काढताना आमचा घाम निघायचा, आणि इथं काही न केलेली बाई आपण होऊन कबूल होत होती. आमच्या मागोमाग आलेल्या भगताला मी जे सुनावलं ते छापण्याजोगं नाही.

माझ्या समजावण्याचा काही उपयोग झाला नाही. सून मात्र कुणाला न विचारता रेघ ओलांडून आत गेली. म्हातारी "लांब रा, लांब रा" करत भिंतीला सरकली. पोरीनं तिचा हात ओढला आणि आपल्या पोटावर धरून ठेवला. म्हातारीनं सोडवून बघितला, मग सोडवणं थांबवलं. जरा वेळानं दोघी धरून धरून बाहेर आल्या.

भगताला आणि मुलाला मी जादूटोणाविरोधी कायद्याखाली अटक केली. सून आणि सासू लेकीकडे कोनला राहिल्या. पुढे बाळंतपण सुखरूप झालं. पण ते मी आज सांगतोय, त्या दुपारी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मूल दगावलं असतं तर पाड्यानं म्हातारीला जिवंत सोडलं नसतं, आणि तो हात पोटावर ठेवणाऱ्या सुनेलाही नाही. भगतावर तिचाही थोडा विश्वास होताच, तिनंच मला नंतर सांगितलं. मी विचारलं, मग भीती नाही वाटली? म्हणाली, "लई वाटली, साहेब. पन ती उपाशी होती ना."