सुदामभाऊंच्या आवाजातलं उत्तर

“हे माह्या आवाजात कोण बोललं?”

सुदामभाऊंनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडात खबूसच्या रोटीचा घास होता. गुरुवारची दुपार, दोहाच्या मुशैरिब भागातल्या आमच्या ऑफिसची पँट्री. भाऊंनी मोबाईल टेबलावर ठेवला आणि व्हॉइस नोट पुन्हा लावली. आवाज हुबेहूब त्यांचाच होता. बोललो होतो मी.

आमची कंपनी घरदुरुस्तीची कामं करते. एसी, प्लंबिंग, वायरिंग, सगळं. बुकिंग वेबसाइटवरून. माझं काम म्हणजे इन्स्टावर टाइमपास करणाऱ्या माणसाला त्या वेबसाइटपर्यंत ओढून आणायचं. नुसती जाहिरात टाकली तर लोक अंगठ्याने वर सरकवतात, खलास. म्हणून इंटरॅक्टिव्ह कंटेंट लागतं, म्हणजे ज्यात बघणाऱ्याला स्वतः काहीतरी करावं लागतं. मी आधी एक क्विझ केली होती, ‘तुमचा एसी कुणासारखा? सासूसारखा की बॉससारखा?’ लोक पोट धरून हसले. बुकिंग एकानेही केलं नाही.

मग मी ‘सुदामभाऊंना विचारा’ काढलं. वेबसाइटवर आपली अडचण लिहायची, इन्स्टाचं नाव द्यायचं, सुदामभाऊ व्हॉइस नोटने उत्तर देणार. भाऊ आमचे सगळ्यात जुने इलेक्ट्रिशियन. मूळचे मेहकरकडचे, घरचे सगळे गावी. पण भाऊ दिवसभर व्हॅनमध्ये. ते कधी उत्तर देणार? म्हणून मीच द्यायला लागलो. मी परतूरच्या शाळेत शिकलो. तिथे एकदा हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी जाहीर केली होती, तर अख्खा वर्ग दप्तरं घेऊन घरी गेला होता. भाऊंचा आवाज तर सोपा. दर वाक्याआधी एक हलकं खाकरणं, शेवटी “काय म्हन्तो मी?”

भाऊंनी मला नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं सांगून ठेवली होती. फोटो टाकायला परवानगीही दिली होती. आवाजाचं मी विचारलं नव्हतं.

लोकांना ते फार आवडलं. मराठी लोक मराठीत विचारायचे, बाकीचे हिंदीत. आमचे मॅनेजर मॅथ्यू सर मला म्हणाले, “गुड. ऐसा ही चालू रखो.” यादीत नसलेले प्रश्न यायला लागले तेव्हा मी तेही निभावून न्यायला लागलो. कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

भाऊंनी ऐकवलेली नोट आदल्या दिवशीची होती. मदिनत खलीफातल्या एका बाईंनी लिहिलं होतं, ‘थंडी सुरू झाल्यापासून बाथरूमच्या नळाला हात लावला की मुंग्या येतात. मुलगा म्हणतो, द टॅप इज बायटिंग मी. असं का होतं?’ त्यावर मी खाकरून म्हणालो होतो, “ताई, हे दोहाची थंडी हाय. हवा कोरडी झाली का स्वेटरलेबी करंट येते. रबरी चप्पल घाला अन् मस्त राहा. काय म्हन्तो मी?” बाईंनी हसणारे चेहरे पाठवले. मी ती नोट पेजवर टाकली. भाऊंच्या रूमवरच्या पोरांनी ती त्यांना ऐकवली.

“मी बोललो,” मी म्हणालो.

मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत.

“एकडाव लागते अन् जाते, ते कोरड्या हवेचं,” भाऊ म्हणाले. “दरडाव लागते, तो करंट. गिझरची कॉइल फुटली असंन. पान्यात उतरला असंन.”

इथे उन्हाळ्यात गार पाण्याच्या नळालाही गरम पाणी येतं, त्यामुळे गिझर महिनोन्महिने बंद असतात. थंडीत सगळे एकदम चालू होतात. हे मला माहीत होतं. त्यावर मी एक रीलसुद्धा केली होती.

“पण भाऊ, चप्पल घातली तर—”

“चप्पल घातली का तिले झटका समजनार नाई. तिले वाटंन बरं झालं. अन् लेकरू आंघोयीले चप्पल घालून उभं राहते का?”

मी घास टाकून दिला.

फोन नंबर आमच्याकडे नव्हता. फॉर्म लहान असला की लोक भरतात, म्हणून नंबरचा रकाना मीच काढून टाकला होता. बाईंचं फक्त इन्स्टाचं नाव होतं. मी मेसेज टाइप करत होतो तेवढ्यात मॅथ्यू सर आले. त्यांना सांगितलं.

“पहले वो पोस्ट डिलीट करो,” सर म्हणाले. “और उनको लिखो, फ्री गिझर चेकअप ऑफर है. गलती हुई, ऐसा मत लिखना.”

“साब, ऑफर लिखेगा तो वो संडे को बुलायेगी,” भाऊ म्हणाले. “बच्चा आज नहायेगा.”

सरांनी भाऊंकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले. “यल्ला, चलो, जो लिखना है लिखो.”

मी लिहिलं, ‘ताई, कालचं उत्तर चुकीचं होतं. बाथरूम वापरू नका. मेन स्विच बंद करा.’ पलीकडून वाचल्याची खूण येईना. भाऊ म्हणाले, मी बोलतो. त्यांनी मोबाईल तोंडाजवळ धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा व्हॉइस नोट केली. हळू, अडखळत, कामावर बोलतात तसं. खाकरले नाहीत. “काय म्हन्तो मी” म्हणाले नाहीत. ते मीच वाढवून वाढवून केलं होतं, हे मला तेव्हा समजलं.

पाच-सात मिनिटांनी उत्तर आलं. ‘कोण बोलताय तुम्ही? हा सुदामभाऊंचा आवाज नाही. माझे मिस्टर ऑफशोअर रिगवर आहेत, मी आणि मुलगा दोघंच घरी आहोत. मेन बंद करा म्हणे. पुन्हा मेसेज आला तर ब्लॉक करेन.’

भाऊंनी ते दोनदा वाचलं.

“बोल,” ते मला म्हणाले. “तुह्या सुदामच्या आवाजात बोल. मी सांगतो ते.”

मी खाकरलो. भाऊ एकेक वाक्य हळूच सांगत गेले, मी त्यांच्यासमोर बसून त्यांचा आवाज काढत गेलो. दाराजवळ बोर्ड असंन. हात कोरडे करा. सगळ्यात मोठं बटन खाली पाडा. लेकराले बाथरूममधी जाऊ देऊ नका. कालचं मी चुकीचं बोललो. शेवटचं वाक्य भाऊंनी सांगितलं तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. “हाव, तेबी म्हन,” ते म्हणाले.

थोड्या वेळाने फोटो आला. बोर्डावरचं मोठं बटन खाली पाडलेलं. खाली लिहिलं होतं, ‘केलं. मुलगा टॉवेल घेऊन आत चालला होता.’ सोबत घराचा पत्ता.

व्हॅनने तिथे पोचलो तेव्हा बाई आम्हाला दारातच भेटल्या. नाशिकच्या होत्या. मागे सात-आठ वर्षांचा मुलगा, टॉवेल अजून खांद्यावर. एका मोठ्या व्हिलाचे तुकडे पाडून भाड्याने दिले होते, त्यातला हा एक. भाऊंनी नमस्कार केला, नाव सांगितलं. बाईंनी दार पूर्ण उघडलं नाही. पेजवरच्या फोटोशी त्या चेहरा ताडून पाहत होत्या. चेहरा जुळत होता, आवाज जुळत नव्हता.

“ताई, तो आवाज माझा होता,” मी माझ्या आवाजात म्हणालो. “दोन्ही वेळचा.”

“म्हणजे चप्पल घाला म्हणालात ते तुम्ही?”

“हो.”

“तुम्हाला गिझरमधलं काय कळतं?”

“काही नाही.”

त्यांनी दार पूर्ण उघडलं. बाजूला झाल्या आणि भाऊंना आत घेतलं. मी बाहेर पायरीवर थांबलो.

भाऊंनी बाथरूमच्या छतातला गिझर उघडला. कॉइल चिरलेली होती. करंट जमिनीत जावा म्हणून अर्थिंगची वायर असते, ती कुणीतरी कापून टेप गुंडाळली होती. करंट गळायला लागला की आपोआप पडणारा ब्रेकर असतो, त्याच्या जागी साधं बटन होतं. भाऊंनी मला आत बोलावून प्रत्येक वस्तू हातात दिली आणि काय आहे ते विचारलं. मला एकाचंही उत्तर आलं नाही. प्रत्येक वेळी त्यांनी नीट सांगितलं. निघताना आभार मानत बाई त्यांना “शुक्रन, भाऊ” म्हणाल्या आणि स्वतःच जराशा हसल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

व्हॅनमध्ये मी माफी मागितली. भाऊ गाडी चालवत होते. “मले तुह्या नकलेचा राग नाई,” ते म्हणाले. “गावाकडे माही बायको ते ऐकंन त हासंन. पन आज ते लेकरू गेलं असतं त मेकरापासून इथलोक सगळ्यायनं म्हटलं असतं, सुदामनं मारलं. अन् मले माईतबी नसतं का मी काय सांगतलं.”

मॅथ्यू सरांनी मला वॉर्निंग लेटर दिलं. ती चुकीची नोट का काढून टाकली, हे मी पेजवर स्पष्ट लिहिलं. सरांनी ते वाचलं आणि अडवलं नाही. आता उत्तरं भाऊ स्वतः देतात, आठवड्यातून दोन संध्याकाळी. निम्म्या वेळा म्हणतात, “हे पाह्याशिवाय सांगता येत नाई.” वेबसाइटवर येणारे लोक कमी झाले. फॉर्मवर फोन नंबरचा रकाना परत आला, त्यामुळे आणखी कमी झाले.

माझ्या डॅशबोर्डवर सगळं दिसतं. नोट कितीजणांनी ऐकली, कितीजणांनी शेवटपर्यंत ऐकली, कितीजणांनी पुढे पाठवली. ऐकून कुणी तसंच केलं का, ते तिथे दिसत नाही. ते कळायला माणसाचा पत्ता लागतो, त्याच्या दारापर्यंत जावं लागतं.