केवळाबाईचं पाकीट

मुखेडच्या अलीकडच्या वाडीतली केवळाबाई सोनकांबळे तशी भित्री बाई नव्हे. रोजगार हमीच्या कामावर दगडाखालून निघालेला विंचू ती चपलेनं चेचायची आणि पुन्हा पाटी उचलायची. तिला भ्या वाटायचं ते फक्त नव्याचं. नवी वाट नको, नवा डॉक्टर नको. म्हणूनच पाळी बंद होऊन चार वर्षं उलटल्यावर पुन्हा अंगावरून जायला लागलं, तेव्हा तिनं सहा महिने तोंडातून शब्द काढला नाही. शेवटी टँकरच्या रांगेत चक्कर येऊन पडली, तेव्हा धाकट्या भावानं, केरबानं, तिला एस्टीत घालून लातूरला आणलं.

उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा होऊन चारच वर्षं झाली होती आणि सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. कॅन्सरच्या दवाखान्यात तिच्या शेजारी उदगीरकडची गुरम्मा बसलेली. कारकुनानं जिल्हा विचारला तर गुरम्मा म्हणाली, "उस्मानाबाद." कारकून वैतागला, "अहो आजी, आता लातूर!" "आस्सं? मला कुनी सांगितलंच न्हाई की," गुरम्मा म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी केवळाबाईला हसू आलं.

दोघींचं दुखणं एकच होतं, पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. डॉक्टरांनी दोघींना बसवून सांगितलं. किरणांचा शेक सगळ्याच बायांना द्यायचा, पण काहींना त्याबरोबर आठवड्याला एकदा सलाईनमधून नवं औषध द्यायचं. जास्त गुण कशानं येतो ते अजून कुणालाच ठाऊक नाही, तेच शोधायचं आहे. म्हणून कुणाला काय ते डॉक्टर ठरवणार नाहीत. बंद पाकिटांची चळत आहे, आत जाणाऱ्या बाईला वरचं पाकीट. नाही म्हणालात तरी उपचार होतील, असंही ते म्हणाले. पण डॉक्टरला नाही म्हणता येतं, हे केवळाबाईच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं.

तिची पाचावर धारण बसली. "डॉक्टरलाच म्हाईत न्हाई म्हनून राहिला की रं," ती केरबाला म्हणाली. "मग आपुन कुनाच्या भरवशावर निजायचं?"

"मोठा दवाखाना हाय, आक्का. दे अंगठा," केरबा म्हणाला. तिनं दिला.

पाकिटं उघडायच्या दिवशी मात्र तिनं डोकं चालवलं. सकाळपासून लागोपाठ तीन बायांना नुसता शेक निघाला होता. आता सलाईन निघणार, असं तिच्या मनानं घेतलं. वॉर्डात सलाईनवाली एक बाई बादलीत तोंड घालून ओकत होती, डोक्यावर केस म्हणून नव्हता. भीक नको पण कुत्रं आवर, अशी केवळाबाईची गत झाली. तिचं नाव पुकारलं तशी ती गुरम्माला म्हणाली, "तुमी थोरल्या हाव, अक्का. आधी तुमी जावा."

टँकरवर थोरलीला पुढं घालतात, तसंच ते दिसलं. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. गुरम्मा आत गेली आणि तिला सलाईन निघालं. मागून गेलेल्या केवळाबाईला नुसता शेक. जिवावरचं शेपटावर निभावलं म्हणून तिनं मोठा श्वास सोडला.

तो श्वास फार दिवस पुरला नाही. गुरम्मा वाळत चालली. तिच्या पोटात पाणी ठरेना, ताप चढू लागला, विंचरताना केसांचे पुंजके हातात येऊ लागले. केवळाबाई तिला पेज पाजायची आणि स्वतःची भाकरी तशीच बांधून ठेवायची. आपलं मरण आपण या माउलीच्या गळ्यात घातलं, या विचारानं ती आतून पार पोखरून निघाली. तरी बोलायची छाती झाली नाही. शेक संपले, दोघी आपापल्या गावी गेल्या.

तीन महिन्यांनी तपासणीला दोघी पुन्हा त्याच बाकावर भेटल्या. गुरम्माच्या डोक्यावर बोटभर केस आले होते. तपासून डॉक्टर म्हणाले, "गाठ दिसत नाही." मग त्यांनी केवळाबाईला तपासलं. त्यांना हात धुवायला फार वेळ लागला. "तुमची गाठ पुरती गेलेली नाही, केवळाबाई."

केवळाबाईला रडू फुटलं आणि सगळं बाहेर पडलं. "मी भ्याले, अक्का. म्हनून तुमाला म्होरं घातलं."

गुरम्मा म्हणाली, "अय्यो, मीबी भ्यालेच होते ग! नवं औषध थोडंच आसंल, मागं ऱ्हायले तर संपून जाईल वाटलं. म्हनून तर झटक्यानं उठले. तुजं औषध मी घेऊन बसले."

"असं नसतं हो," डॉक्टर घाईनं म्हणाले. "दोन बायांवरून काहीच कळत नाही. दोनशे बाया झाल्या, त्यांची पाच वर्षं बघितली, की मग कळेल."

"मी कितवी, सायेब?"

त्यांनी कागद पाहिला. "एकोणिसावी."

केवळाबाईनं डोळे पुसले. "दोनशे होईस्तोर मी ऱ्हाईन का?"

डॉक्टरांनी तिच्या कागदावर एक ओळ लिहिली. नवं औषध उद्यापासून देऊन बघू, म्हणाले, सकाळी उपाशीपोटी या. केवळाबाईनं मान हलवली, पण ती बाकावरून उठेना. गुरम्मानं तिच्या बगलेत हात घातला.