मांडीची कातडी

"हिला कुंकू लावायचं तरी कुठं?" बाईंनी विचारलं, आणि हॉलमधल्या सगळ्या बायका फिसकन हसल्या.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बदलापूरची बिल्डिंग, तिसरा मजला. त्या घरात मी सहा वर्षं धुणीभांडी करत होते. दरवर्षी पाहुण्या गेल्या की बाई मला मोरीच्या दारात कुंकू लावायच्या. त्या वर्षी पाहुण्या असतानाच हाक आली. सगळ्यांना मला बघायचं होतं.

मशेरीनं माझं तोंड खाल्लं होतं. कॅन्सर. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात खालच्या जबड्याचं पुढचं हाड काढलं, खालचा ओठ काढला. मग माझ्या कपाळाची कातडी सोलली, एका बाजूनं जोडलेली, जिती ठेवली, गालावरून खाली ओढून तिचा ओठ केला. उघड्या कपाळावर मांडीची कातडी लावली. तीन आठवडे ती कातडीची पट्टी तोंडावर लोंबत होती. तेव्हा नव्या ओठावर माशी बसली की ती कपाळावर बसल्यासारखी वाटायची, मी कपाळ झाडायचे. मग पट्टी कापली, आणि तेवढंही कळेनासं झालं. आता लाळ गळते ते मला समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं. आम्ही ठाकरं, आदिवासी. वाडीवर लहानपणी कपाळावर तीन ठिपके गोंदले होते. ते माझ्या ओठाखाली आलेत.

बाईंचं बोट माझ्या कपाळापाशी येऊन थांबलं. मी सवाष्ण, नवरा जिता. कुंकू तर लावायला हवं.

"खरं कपाळ हनुवटीवर गेलंय ना? तिथं लावा," एकजण म्हणाली.

"ते उष्टं तोंड," बाईंच्या सासूबाई सोफ्यावरून बोलल्या. "आणि वर मांडीचं कातडं. कुंकू काय मांडीला लावतात?"

पुन्हा हसणं. मीही हसले. सांगायला लाज वाटते, पण हसले.

बाईंनी कुंकू न लावताच वाणाचा प्लास्टिकचा डबा माझ्या हातात वरून टाकला. म्हणाल्या, "आणि हे बघ, घरात कुणी आलं की तोंडावर पदर घेत जा. मुलांना जेवण जात नाही."

घेतला. वर्षभर घेतला. लाळेनं पदर ओला, त्याचा वास माझ्याच नाकात. जेवण जिन्याखाली, भिंतीकडे तोंड करून. पुढं पुढं घरीही पदर सुटेना. एकदा लेकीनं विचारलं, "आये, घरात कोन पावना आलाय?"

पुढच्या उन्हाळ्यात बाईंचा भाचा आला. डॉक्टरकी शिकत होता. बाईंनी मला भांड्यांवरून उठवलं.

"पदर काढ गं. ह्याला बघू दे."

काढला. पोरानं माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. बाजारात बैलाचे दात बघतात तसं. "जुनी पद्धत आहे मावशी," तो म्हणाला. "आता छातीवरून घेतात."

बाईंना आणखी हुरूप आला. "मांडीवरून कुठून काढलं ते दाखव त्याला. लाजतेस काय? डॉक्टरच आहे तो. साडी वर कर."

सासूबाईंनी जप थांबवला आणि चष्मा लावला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुंकवाला ती कातडी अमंगळ, तमाशाला चालते. पाहुणे आले की झाक. पाहुण्याला हौस आली की उघड. हे शरीर कुणाचं?

"न्हाई," मी म्हटलं.

मला प, ब, म धड येत नाहीत. ओठ मिटत नाही, वारा जातो. पण नाही म्हणायला ओठ लागत नाहीत. सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं.

"काय म्हणालीस?"

"न्हाई दाखवनार. तुझ्या सासूची मांडी उघडून दाखव त्याला."

हे मात्र नीट उमटलं नाही. म्हणून पुन्हा बोलले, सावकाश. दुसऱ्यांदा कळलं.

"आमच्या साहेबांनी मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी दिली म्हणून जगलीस!" बाई किंचाळल्या. "उपकार विसरलीस?"

चिठ्ठी दिली होती, ते खरं. त्या चिठ्ठीनं माझं अंग त्यांच्या नावावर झालं नव्हतं. हात धुतले, चपला घातल्या, तीन मजले उतरले. बाजारातून उघड्या तोंडानं गेले. नवऱ्यानं संध्याकाळी थोबाडीत मारली. नेमकी पट्टी ओढलेल्या गालावर. मी पदर घेतला नाही.

आता उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापते. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एक बाई म्हणाली, "उधर कोने में बैठो ना." मी घोळक्याच्या मधोमध बसले आणि डबा उघडला. डाळीत भिजवलेली भाकरी. अर्धी आत जाते, अर्धी ओघळते. पुसते, पुन्हा घास घेते. सावकाश खाते, सगळ्यांच्या देखत. ज्याला किळस येते त्यानं उठावं. मी उठणार नाही.