आबांचा उजवा हात

हं, ऐक गं, फोन कानाशी नीट धर. आधी थोडी बोलणी खा. पुण्याला जाऊन बसलीस आणि दर रविवारी फोनवर एकच, "आजी, व्हिडिओ झाला का?" आजी जेवली का, ते नाही विचारायचं? बरं, राहू दे. आज रागवायला मला तरी कुठं तोंड आहे? मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली.

दिवाळीत तुझे आबा अंगणात दोनदा अडखळले, म्हणून तूच तो जुना लॅपटॉप इथं ठेवून गेलीस. आठवड्यातून एकदा आबांचं चालणं फोनवर टिपायचं, मग लॅपटॉपवरच्या काळ्या खिडकीत तीन ओळी टाइप करायच्या. पहिली ओळ व्हिडिओची सुटी चित्रं करते, दुसरी प्रत्येक चित्रात सांधे शोधून ठिपके मांडते, तिसरी ठिपके रेघांनी जोडून पुन्हा व्हिडिओ बांधते. माझी शाळा चौथीत सुटली, इंग्रजी अक्षरं मी औषधांच्या खोक्यांवरून शिकले. तरी तू लिहून दिलेल्या वहीत बघून एका बोटानं तिन्ही ओळी बरोबर उतरवायचे.

पहिल्या वेळी व्हिडिओ उघडला. नुसत्या रेघा दिसतील, हे तू सांगितलं होतंस. पण तोंड नाही, टोपी नाही, आणि गुडघे थयथय नाचताहेत! मी तशीच अंगणात धावले. आबा खाटेवर शेंगा सोलत बसलेले.

"पाय दुखस का?"

"माले काय व्हयनं? मी बठ्ठा नीट शे. तुना डबडालेच दवाखानामा ली जाय." म्हणजे लॅपटॉपलाच दवाखान्यात न्यायचं!

तुला फोन केला तर तू खो खो हसलीस. "आजी, धोतर! लॅपटॉपला गुडघे दिसतच नाहीत, तो अंदाज बांधतो."

तरी मी तीन आठवडे धोतरातच टिपलं, कारण हाफपँट म्हटलं की आबा खवळायचे. "आते या वयमा चड्डी घालू? कोनी देखं ते?" शेवटी फाटक लावून घेतलं, तुझ्या काकाची जुनी हाफपँट चढवली आणि त्यांना अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या.

या वेळी गुडघे शहाण्यासारखे चालले. मी हुश्श केलं. आणि मग बघ, दिसलं. डावा हात पुढं-मागं जात होता, उजव्या हाताच्या रेघा अंगाला चिकटलेल्या. जुने व्हिडिओ उघडले. धोतरानं पाय झाकले होते, हात तर उघडेच होते. पहिल्या आठवड्यात तो हात थोडा हलत होता, दुसऱ्यात कमी, तिसऱ्यात आणखी कमी. मी येडी गुडघ्यांकडेच बघत राहिले.

दुपारी चहा दिला, त्यांनी डावा हात पुढं केला. कधीपासून गं? कप रोज मीच देते ना हातात!

"उजवा हातले काय व्हयनं?" मी विचारलं.

त्यांनी तो हात मांडीखाली सरकवला. मग म्हणाले, "पोरीले सांगू नको."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. आणि मी त्यांचं ऐकलं. लाइट नव्हती, म्हणून व्हिडिओ झाला नाही, असं तुला सांगितलं ना, ते खोटं. लाइट होती. लॅपटॉपवर मी टॉवेल टाकून ठेवलाय, जवळून जायची भीती वाटते. स्वयंपाकघरातून सारखी त्यांच्या हाताकडे बघते, त्यांनी वळून पाहिलं की भाजीत चमचा फिरवते.

धुळ्याला नसांचा डॉक्टर आहे. मी नाव काढलं की आबा उठून फाटकाकडे चालायला लागतात, तो हात तसाच लोंबत. माझं ते ऐकायचे नाहीत. तू नुसतं "आबा, चला" म्हणालीस की चपला शोधतील. येत्या शनिवारीच ये. पारोळ्याला उतर, मी स्टँडवर उभी असेन. मीच सांगितलं, हे त्यांना कळलं तरी चालेल. पण तू ये.